खालच्या अंगाक

डंडीत समुद्रावरून धुकं चढतं
त्याला इथले लोक ‘हार’ म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनातच विचारलं,
घालायचा की पत्करायची?
ग्रेगरने खिडकीकडे बोट केलं:
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपला होता.

पर्थ रोडला, बेकरीच्या वर, आमची सहा जणांची कंपनी.
ॲप साधं. आसपास कोण आहे, किती मीटरवर.
ते मीटर माझे.
ती ओळ मी लिहिली, एका गुरुवारी, गार चहा पीत,
आणि मला तिचा अभिमान होता.
नकाशा आम्ही दाखवतच नव्हतो. फक्त अंतर.
अंतराला दिशा नसते, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले
आणि सगळ्यांना पटलं.

आयल्सा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, रात्रपाळी.
ज्याला ती सोडून आली होती
त्याला आमचं ॲप आवडलं.
तो बसथांब्यावर उभा राहिला: सहाशे चाळीस.
मग टेस्कोच्या ट्रॉल्यांपाशी: चारशे दहा.
मग टेकडीच्या पायऱ्यांवर, वाऱ्यात: दोनशे पंच्याण्णव.
पुढचं शाळेतल्या कंपासनं केलं.
तिन्ही वर्तुळं जिथं एकमेकांना शिवली
तिथं तिचं स्वयंपाकघर होतं.

तिनं दार उघडलं नाही. शेजारचे उठले. तेवढ्यावर निभावलं.
पोलिसांनी तो कागद आम्हाला दाखवला.
शिसपेन्सिल. कुठं खाडाखोड नाही.
माझे आकडे, त्याच्या अक्षरात.

आधी मी खऱ्यात खोटं कालवलं,
दर वेळी वेगळं, फासे टाकल्यासारखं.
ग्रेगर म्हणाला, आणि कुणी शंभरदा विचारलं तर?
आम्ही रात्रभर विचारत बसलो.
शंभर खोट्यांची सरासरी काढली,
आणि पडद्यावर
तेच छप्पर, तीच खिडकी.

तेव्हा मला आचऱ्याची आत्या आठवली.
शेवंती तिच्या खोपीत, नारळाच्या सोडणांमागे, दोन दिवस,
आणि अंगणात शेवंतीचे भाऊ.
आत्या तांदूळ पाखडत होती.
‘गेला आसात खालच्या अंगाक.’
मग चुलता आला. खालच्या अंगाक.
मग गोड बोलणारी मावशी, मग पुन्हा भाऊ, दारू पिऊन.
सूप थांबलं नाही, हात वर झाला नाही,
शब्द इकडचा तिकडं नाही.
खालच्या अंगाक म्हणजे नदी, बाजार, रवळनाथाचं देऊळ,
दहा वाड्या,
आणि पुढं जायचं तर सगळा समुद्र.
सातदा विचारलं, सातदा तेच.
काढा सरासरी.

मी डंडीचे चौकोन पाडले.
चौकोनात कुणीही कुठंही असो,
ॲप मोजणार चौकोनाच्या मध्यापासून,
तुमच्यासाठी तेच, त्याच्यासाठी तेच, पोलिसांसाठीही तेच.
नदीकाठचे चौकोन मोठे केले:
पाण्यात कुणी राहत नाही
हे शोधणाऱ्यालाही कळतं.
जिथं घरं विरळ, तिथं अजून मोठे.
एका शेतावर तर चौकोन इतका पसरला
की फायनान्सवाली बाई हसली.
महिनाभरात तारे घसरले. लोक लिहायचे:
जवळ म्हणजे नेमकं किती जवळ?
मी उत्तर लिहिलं, पुसलं.
आमच्यात म्हणतात हाकेच्या अंतरावर;
पण हाक कुणाची,
ते आधी सांगावं लागतं.

जुन्या नोंदी पुसायचं काम माझ्याकडेच आलं.
चाळीस लाख ओळी, त्यात तिची एक
मी शोधली नव्हती, समोर आली:
सहा दशांश स्थळांपर्यंत ते स्वयंपाकघर.
एवढ्यात तर चुलीची डावी-उजवी कळते.
क्षणभर वाटलं, आठवण म्हणून
एखादा आकडा लिहून ठेवावा.
कशाला?

आता ती कुठं राहते, मला ठाऊक नाही.
परवा बेकरीत तिच्यासारखी कुणी रांगेत होती,
निळी टोपी, रात्रपाळीचे डोळे.
मी बटरचे रोल घेतले, सुटे मोजले,
मान वर केली नाही.
बाहेर हार होता.
किंवा होती.